कोळशापासून गॅस, खत आणि तेल : कार्बन पकडला तरी ठेवणार कुठे?

भद्रावती, वरोरा, वणी, राजुरा या कोळसा पट्ट्यात सध्या एक शब्द सारखा कानावर येतो आहे, तो म्हणजे 'कोल गॅसिफिकेशन'. चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर विषय निघतोच. "कोळशापासून डिझेल निघते म्हणते, खरं आहे का जी?" असे कुणी विचारतो. दुसरा लगेच मोबाईलवरचा मेसेज दाखवतो, की धूर नाही, प्रदूषण नाही, सगळा कार्बन पकडून ठेवणार.

चर्चेला कारणही आहे. जानेवारी २०२३ मध्ये दावोस येथे राज्य सरकारने जे करार केले, त्यात न्यू एरा क्लीनटेक या कंपनीचा भद्रावती येथील सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कोल गॅसिफिकेशनचा करार होता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा प्रकल्पांसाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०३० पर्यंत देशात वर्षाला १० कोटी टन कोळशाचा गॅस करायचा, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. म्हणजे हा विषय आज ना उद्या कोळसा पट्ट्यातल्या प्रत्येक गावाच्या दारात येणार.

कोळशापासून तेल निघते हे खरे आहे. ही विद्या शंभर वर्षे जुनी आहे. कारखान्यात कार्बन पकडता येतो, हेही खरे आहे. पण पकडणे वेगळे आणि कायमचे ठेवणे वेगळे. सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. तो नीट समजून घेऊया.

आधी शेगडी समजून घ्या

थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, हे घरातली म्हातारी माणसे सांगतात. का? हवा कमी पडली की कोळसा पूर्ण जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो.

पण हाच वायू जळणारा आहे. म्हणजे ते एक इंधनच आहे. गॅसिफिकेशन म्हणजे हीच शेगडी, पण मोठ्या बंद भट्टीतली. कोळसा पूर्ण जाळायचा नाही. मोजून ऑक्सिजन द्यायचा, त्यात पाण्याची वाफ सोडायची, दाब आणि उष्णता भरपूर ठेवायची. मग कोळशाचा धूर न होता गॅस होतो. त्यात मुख्य दोन वायू असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. या मिश्रणाला सिन्गॅस म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडेही मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर सर्व्हिस मोटारी चालवल्या जात. तत्त्व हेच होते.

सिन्गॅसचे पुढे काय होते?

सिन्गॅस हा कणकेच्या गोळ्यासारखा आहे. त्याची पोळी करा, पुरी करा, नाहीतर पराठा करा.

- त्यातला हायड्रोजन वेगळा काढून हवेतल्या नायट्रोजनशी जोडला की अमोनिया होतो. अमोनियापासून युरिया होतो, आणि खाणीत सुरुंगाला लागणारे अमोनियम नायट्रेटही होते.
- दुसऱ्या पद्धतीने मिथेनॉल होते.
- तिसऱ्या पद्धतीने नैसर्गिक वायूसारखा गॅस होतो, जो पाइपलाइनमध्ये सोडता येतो.
- लोखंडाच्या दगडातून स्पंज आयर्न काढायलाही हा गॅस चालतो. ओडिशातल्या अंगुलला जिंदलच्या कारखान्यात तसा वापर झाला आहे.
- आणि सिन्गॅस लोखंड किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेला की डिझेल, पेट्रोल, मेण असे पदार्थ होतात.

शेवटची पद्धत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोन शास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत शोधली. जर्मनीकडे कोळसा भरपूर होता, खनिज तेल जवळपास नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमाने आणि रणगाडे मोठ्या प्रमाणात कोळशाच्या तेलावर चालले. म्हणूनच मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांनी नेमके हेच कारखाने बॉम्ब टाकून बसवले.

भारतात केंद्राने निवडलेले बहुतेक प्रकल्प मात्र डिझेलचे नाहीत. ते अमोनियम नायट्रेट, गॅस, स्पंज आयर्न अशा मालाचे आहेत. त्यामुळे 'कारखाना झाला की पंपावर स्वस्त डिझेल मिळेल' हा मेसेज कुणी पाठवला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कार्बन इतका का निघतो?

शेतकऱ्याला 'सेंद्रिय कर्ब' माहीत आहे. माती परीक्षणाच्या कागदावर तो आकडा असतो. कर्ब म्हणजेच कार्बन. मातीत थोडा असतो, कोळशात ठासून भरलेला असतो.

डिझेलमध्ये कार्बनच्या एका कणामागे हायड्रोजनचे जवळपास दोन कण लागतात. कोळशात हायड्रोजन फार कमी. मग तो आणायचा कुठून? पाण्याच्या वाफेतून. पाण्यातला हायड्रोजन काढून घेतला की ऑक्सिजन उरतो. तो कार्बनला चिकटतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे हा वायू काही कारखान्याच्या निष्काळजीपणामुळे निघत नाही. पद्धतच तशी आहे. हायड्रोजन जितका जास्त हवा, तितके पाणी जास्त आणि कार्बन डायऑक्साइडही जास्त.

हिशेब सोपा आहे. १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. समजा एका टन कोळशात ४०० किलो कार्बन आहे. तो सगळा हवेत गेला तर सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. ट्रकभर कोळसा आत गेला की दीड ट्रक वजनाचा वायू बाहेर येतो, असे समजा.

तेल करायचे असेल तर निम्म्याहून जास्त कार्बन कारखान्यातच वायू होऊन निघतो. उरलेला डिझेलमध्ये जातो आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून निघतो. त्यामुळे काही न पकडता केलेल्या कोळशाच्या डिझेलचा एकूण कार्बन साध्या डिझेलच्या दुपटीच्या आसपास जातो. कारखान्यातला सगळा पकडला, तरी सायलेन्सरमधला पकडता येत नाही. म्हणजे फार तर साध्या डिझेलच्या बरोबरीला येतो.

भट्टी एकच, पण दोन कारखान्यांची दोन तऱ्हा

आता मुख्य मुद्दा. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून जो धूर निघतो, त्यात कार्बन डायऑक्साइड थोडा आणि बाकी बहुतेक नायट्रोजन असतो. त्यातून हा वायू वेगळा करणे महाग पडते. गॅसिफिकेशनमध्ये तसे नाही. इथे पुढच्या यंत्रासाठी गॅस स्वच्छ करावाच लागतो, आणि त्या सफाईतच कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी शुद्ध होऊन बाजूला येतो. म्हणजे 'पकडण्याचे' निम्मे काम आपसूक होते.

मग सगळेच कारखाने तो पकडून ठेवतात का? दोन ठिकाणे पाहा.

पहिले ठिकाण दक्षिण आफ्रिकेतले सेकुंडा. तिथे सासोल कंपनीचा कोळशापासून तेल करणारा मोठा कारखाना आहे. कंपनी १९५० साली सरकारने सुरू केली, पहिला कारखाना १९५५ मध्ये चालू झाला आणि सेकुंडाचे कारखाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. वर्णभेदामुळे त्या देशाला तेल मिळणे अवघड झाले होते, म्हणून हा खटाटोप. दिवसाला सुमारे दीड लाख बॅरल इतकी त्याची क्षमता. पण वर्षाला साडेपाच कोटी टनांच्या आसपास हरितगृह वायू तिथून निघतात. एकाच ठिकाणाहून इतके वायू सोडणारा जगातला सर्वात मोठा कारखाना म्हणून त्याचे नाव घेतले जाते. सफाईत वेगळा झालेला जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइडही तिथे वर्षानुवर्षे हवेतच सोडला गेला.

दुसरे ठिकाण अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातले ब्यूला. तिथला ग्रेट प्लेन्स कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला. तो लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा कोळसा घेऊन त्यापासून पाइपलाइनचा गॅस करतो. भट्ट्या सेकुंडासारख्याच लुर्गी जातीच्या. तिथे २००० सालापासून कार्बन डायऑक्साइड सुमारे ३३० किलोमीटर लांब पाइपने कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्रात पाठवला जातो आणि खोल जमिनीत सोडला जातो.

भट्टी एकच, सफाई एकच. मग फरक कशाचा? गिऱ्हाइकाचा. वेबर्नच्या जुन्या विहिरींतले तेल कमी झाले होते. हा वायू दाबाने आत सोडला की अडकलेले तेल सुटून वर येते. म्हणून तेल कंपनीने तो विकत घेतला. सेकुंडाजवळ असा गिऱ्हाईक नव्हता.

म्हणून 'आम्ही कार्बन पकडणार' एवढ्या वाक्यावर समाधान मानू नये. पकडल्यावर तो नेणार कुठे, आणि त्याचा खर्च कोण देणार, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. वेबर्नचीही दुसरी बाजू आहे. तिथे वायू जमिनीत गेला खरा, पण त्याच्या जोरावर निघालेले तेल पुन्हा जाळलेच गेले.

'वापरला' म्हणजे 'पुरला' नव्हे

कंपन्यांच्या कागदात आणखी एक शब्द असतो, 'वापर'. म्हणजे पकडलेल्या वायूपासून काहीतरी वस्तू करायची.

शेतकऱ्याला जवळचे उदाहरण युरियाचे. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करूनच युरिया होतो. एक टन युरियाला सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड लागतो. कागदावर तेवढा वायू 'वापरला' गेला. पण युरिया कपाशीला टाकला, ओल मिळाली, की मातीत तो फुटतो. नायट्रोजन पिकाला मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत जातो. महिनाभरही थांबत नाही.

मिथेनॉलचेही तसेच. मध्य प्रदेशात विंध्याचल येथे एनटीपीसीने वीज केंद्राच्या धुरातून दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून १० टन मिथेनॉल करण्याचा प्रकल्प उभारला. शिकण्यासाठी तो चांगला आहे. पण मिथेनॉल जाळले की वायू परत हवेत. तमिळनाडूत तुतिकोरीनला एक रसायन कारखाना २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू पकडून धुण्याचा सोडा करतो. वर्षाला सुमारे ६० हजार टनांची त्याची क्षमता आहे. तेही चांगले काम आहे. पण मोठ्या गॅसिफिकेशन कारखान्यातून वर्षाला लाखो टन वायू निघतो. इतका सोडा कोण घेणार?

म्हणून कायमची सोय एकच, खोल जमिनीत पुरणे.

पुरायला जागा कुठली?

जागा तीन प्रकारच्या असतात. रिकामे झालेले तेल किंवा गॅसचे साठे, खोलवरचे खारे पाणी असलेले सच्छिद्र खडक, आणि काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट.

बेसाल्टचे उदाहरण आइसलँडचे आहे. तिथे २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला, असे शास्त्रज्ञांना आढळले. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवरच बसलेला आहे. म्हणून आयआयटी मुंबईसह अनेक संस्था यावर अभ्यास करत आहेत. पण आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागले. आणि कोळसा पट्ट्यातला खाणीखालचा खडक बेसाल्ट नाही, तो गोंडवाना काळातला वाळूचा खडक आहे. वायू पश्चिमेकडच्या बेसाल्टमध्ये न्यायचा तर पाइपलाइन टाकावी लागेल, म्हणजे शेतातून जमीन लागेल.

पाइपलाइनची सुरक्षाही पाहावी लागते. विहिरीत उतरण्याआधी जुने लोक कंदील खाली सोडून पाहत. विझला तर उतरायचे नाही. कारण जड वायू तळाशी बसतो. कार्बन डायऑक्साइड असाच हवेपेक्षा जड आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात साटार्शिया गावाजवळ अशी पाइपलाइन फुटली. वायू जमिनीलगत पसरला, गाड्यांची इंजिने बंद पडली, सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले आणि ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले. कुणी दगावले नाही. पण गावात आधी माहिती आणि सराव किती गरजेचा असतो, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

शेजारच्या रामगुंडमचा धडा

कोळशापासून खत करायचा प्रयत्न आपल्या शेजारी आधीच होऊन गेला आहे. बल्लारशाहहून काझीपेठकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रामगुंडम आहे. तिथे आणि ओडिशात तालचेरला फर्टिलायझर कॉर्पोरेशनने कोळशापासून युरिया करण्याचे कारखाने काढले. १९८० मध्ये उत्पादन सुरू झाले. तंत्रज्ञान इथल्या कोळशाशी जुळले नाही, वीजही पुरेशी आणि सलग मिळेना. तोटा वाढत गेला आणि १९९९ मध्ये दोन्ही कारखाने बंद झाले.

रामगुंडमचा कारखाना २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला, वर्षाला १२.७ लाख टन युरियाच्या क्षमतेचा. पण या वेळी कोळशावर नाही, पाइपलाइनने आणलेल्या नैसर्गिक वायूवर. खाणी शेजारी असूनही! तालचेरला मात्र कोळशावरच नवा कारखाना उभारायचे ठरले, पण त्यात पेटकोक मिसळून राखेचे प्रमाण कमी करायचे आहे.

राख हाच आपल्या कोळशाचा दुखरा भाग आहे. भारतीय कोळशात राख ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे दहा ट्रक कोळशात चार ट्रक दगडमाती. तीही भट्टीत तापवावी लागते, त्यात उष्णता वाया जाते आणि भट्टी चोंदते. भेल कंपनीने हैदराबादला जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल करून दाखवले आहे, पण ते दिवसाला पाव टनाचे प्रायोगिक यंत्र होते. पाव टनापासून हजारो टनांपर्यंतचा रस्ता लांब आहे.

तो रस्ता श्रीमंत देशांनाही सोपा गेला नाही. अमेरिकेत केम्पर येथे कोळशाचा गॅस करून वीज आणि सोबत कार्बन पकडणे असा मोठा प्रकल्प घेतला होता. खर्च वाढत वाढत ७५० कोटी डॉलरपर्यंत गेला. शेवटी २०१७ मध्ये गॅसिफिकेशन सोडून दिले आणि साध्या नैसर्गिक वायूवर वीज केली.

पाणी आणि सांडपाणी

कोळशापासून एक टन तेल काढायला साधारण सहा ते दहा टन पाणी लागते. खत किंवा रसायनालाही पाणी भरपूर लागते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र इरई धरणावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात वर्धा आणि इरई नद्यांची अवस्था काठावरच्या गावांना सांगायला नको. नव्या कारखान्याचे पाणी कुठल्या धरणातून, कुठल्या महिन्यात, आणि सिंचनाच्या हिश्शातून की वेगळे, हे आधीच कळले पाहिजे.

दुसरे सांडपाणी. कमी तापमानाच्या भट्टीत डांबर, फिनॉल आणि अमोनिया पाण्यात उतरतात. फिनॉल थोडे जरी नाल्यात गेले तरी पाण्याला वास येतो, मासे मरतात. जास्त तापमानाच्या भट्टीत हे बरेच कमी होते, पण खर्च वाढतो. म्हणून भट्टी कोणत्या जातीची, हा प्रश्न फक्त इंजिनिअरचा नाही. नाल्यावर गुरे पाजणाऱ्याचाही आहे.

फायदाच नाही का?

आहे. ते नाकारून चालणार नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येते. खते आणि मिथेनॉलही मोठ्या प्रमाणात आयात होतात. ते इथे झाले तर देशाचा पैसा वाचतो. गॅसिफिकेशनमध्ये गंधक आणि धूळ गॅस स्वच्छ करतानाच काढावी लागते, त्यामुळे कोळसा सरळ जाळणाऱ्या चिमणीपेक्षा हवेत काळा धूर आणि गंधकाचा वायू कमी जातो. कापसाच्या बोंडावर कोळशाची धूळ बसल्याने भाव पडतो, हे ज्याने भोगले त्याला याची किंमत कळेल. पण ती धूळ बरीचशी खाण आणि ट्रकांची असते. कारखान्यासाठी कोळसा जास्त निघाला तर ट्रकही वाढणार, हेही लक्षात ठेवावे.

रोजगाराचेही तसेच. बांधकामाच्या वेळी माणसे जास्त लागतात, कारखाना चालू झाला की कमी, आणि तीही बहुतेक शिकलेली. म्हणून आकडा विचारताना 'बांधकामानंतर कायमचे किती' असे विचारावे. गावातल्या पोरांना आयटीआय किंवा केमिकल डिप्लोमासाठी आत्ताच पाठवणे, हा त्यातला शहाणपणा.

गावाने काय विचारावे?

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो. नियमाप्रमाणे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. मात्र मान्यता असलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळू शकते. म्हणून पहिला प्रश्न हाच, की आमच्या प्रकल्पाची सुनावणी होणार आहे का? नसेल तर अहवाल ग्रामपंचायतीला लेखी मागा. ग्रामसभेचा ठराव करून मागितला तर जोर येतो.

बाकीचे प्रश्न असे :

१. शेवटी माल कोणता निघणार? अमोनिया, गॅस, मिथेनॉल, स्पंज आयर्न की तेल? अमोनियात कार्बन नसतो, त्यामुळे सगळा कार्बन कारखान्यातच निघतो आणि पकडता येऊ शकतो. तेल किंवा मिथेनॉल असेल तर बराच कार्बन मालासोबत बाहेर जातो.

२. वर्षाला किती टन कार्बन डायऑक्साइड निघणार, त्यातला किती पकडणार आणि कुठल्या वर्षापासून? 'पुढे पकडण्याची सोय ठेवली आहे' म्हणजे आज हवेत सोडणार, असा अर्थ होतो.

३. पकडलेला वायू कुठे जाणार? विकणार, वापरणार की पुरणार? पुरणार तर कुठल्या खडकात? पाइपलाइन कुणाच्या शेतातून?

४. राख आणि काचेसारखा मळ कुठे टाकणार? रिकाम्या खाणीत टाकणार असाल तर खाली प्लास्टिकचे अस्तर असेल का?

५. पाणी कुठून, किती, आणि दुष्काळाच्या वर्षी आधी कुणाचे बंद होणार?

६. भट्टीची जात कोणती? फिनॉलचे पाणी कसे शुद्ध करणार?

७. कार्बन मोनॉक्साइड किंवा अमोनिया गळला तर गावात भोंगा वाजणार का? सराव कोण घेणार?

८. काम अर्धवट थांबले तर जमिनीचे काय? भद्रावतीकडच्या लोकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. एका वीज प्रकल्पासाठी घेतलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिलेली त्यांनी पाहिली आहे.

आजच करायचे एक काम

प्रकल्प येवो न येवो, एक काम मात्र गावाला आत्ताच करता येईल. २०११ मध्ये वेबर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबाने तक्रार केली, की जमिनीत सोडलेला वायू आमच्या शेतात वर येतो आहे. जगभर बातमी झाली. तपास झाला आणि तो वायू मातीतलाच नैसर्गिक आहे, प्रकल्पाचा नाही, असा निष्कर्ष निघाला. हे ठरवता आले, कारण त्या भागात मातीतल्या वायूच्या नोंदी २००१ पासून घेतल्या जात होत्या आणि त्यावर अभ्यासही झाला होता. नोंद असली की खरे-खोटे करता येते. नोंद नसली की कंपनी म्हणते आमचे नाही, शेतकरी म्हणतो तुमचेच, आणि प्रकरण वर्षानुवर्षे तारखेवर जाते.

आपल्याकडे बहुतेक तंटे इथेच अडकतात. विहिरीचे पाणी खराब झाले म्हणून तक्रार केली, तर पहिला प्रश्न येतो, आधी चांगले होते याचा पुरावा काय?

म्हणून गावातल्या चार-पाच विहिरी, बोअर आणि नाल्याचे पाणी आत्ताच तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची आणि कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत मातीची तपासणी होते. साध्या तपासणीत फिनॉल येत नाही, ते वेगळे विचारून घ्यावे. नमुना घेताना तारीख, ठिकाण, मोबाईलवर फोटो आणि ग्रामपंचायतीचा शिक्का ठेवावा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे दोन वर्षे केले तरी गावाच्या हातात पक्का कागद राहील.

कारखान्याकडे आपले आकडे असतातच. गावाकडेही गावाचे आकडे असले पाहिजेत.